बुरूड राजाच्या कोटाला एक फेरी

चष्मा पुसायला रुमाल काढावा म्हणून सिप्रियनने शर्टाच्या खिशात बोटं घातली, तर रुमालाच्या आधी हाताला गोळी लागली. कागदाच्या कपट्यात गुंडाळलेली, पिवळी, मधोमध रेघ असलेली. रक्तदाबाची. त्याची स्वतःची. रिक्षा निर्मळचं तळं मागे टाकून सोपाऱ्याच्या रस्त्याला लागली होती, शेजारी क्लेमेंटीन पदर सावरत बाहेर बघत होती, आणि सिप्रियन खिशातल्या खिशात ती गोळी दोन बोटांत धरून बसला. ही इथे आहे, तर सकाळी सहा वाजता मी गिळली ती कोणती? उत्तर सहावीतल्या पोरानेही दिलं असतं. घरात माणसं दोन, गोळ्या दोन प्रकारच्या. त्याची खिशात आहे, म्हणजे पोटात गेली ती क्लेमेंटीनची, शुगरची. आणि त्या गोळीवर त्याच्या पोटात काल रात्रीच्या पेजेनंतर अन्नाचा कण गेलेला नव्हता.

घडलं कसं तेही त्याला तिथल्या तिथे आठवलं, आणि आठवलं म्हणून जास्तच लाज वाटली. गोळ्यांचे डबे फेलिशियाने आणून दिलेले, सात वारांची सात झाकणं, पप्पांचा निळा आणि मम्मीचा गुलाबी. नियमही लेकीनेच घालून दिला होता: पप्पांनी मम्मीला द्यायची, मम्मीने पप्पांना, म्हणजे एक विसरला तरी दुसऱ्याला आठवेल. त्याप्रमाणे क्लेमेंटीनने सकाळी त्याची गोळी त्याच्या हातावर ठेवली. पण वार रविवार. मिस्साआधी काही खायचं नाही हे आईने लावलेलं वळण. चर्चने कधीच एका तासावर आणलेला उपास सिप्रियन अजून मध्यरात्रीपासून धरतो, आणि ही गोळी तर खाल्ल्यावरच घ्यायची, म्हणून त्याने ती पुडीत बांधून खिशात टाकली. मग गुलाबी डब्यातली तिची गोळी काढली, ग्लासात पाणी घेतलं आणि आरशापाशी तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला. क्लेमेंटीन साडीला पिना लावत होती, तीन पिना तोंडात. तिने हातानेच सांगितलं, थांबा. तो थांबला. एका तळव्यावर गोळी, दुसऱ्या हातात पाणी, आणि डोक्यात आज तिला सोपाऱ्याच्या कोटावर काय काय सांगायचं त्याची जुळवाजुळव. एका हातात गोळी आणि दुसऱ्यात पाणी असलं की माणूस जे करतो ते त्याने केलं. पिना संपल्यावर तिने विचारलं, "दिलीत माझी?" आणि रिकाम्या तळव्याकडे बघून तो छातीठोकपणे म्हणाला, "दिली." विहिरीपाशी पडल्यापासून क्लेमेंटीन स्वतःच्या आठवणीपेक्षा त्याच्या शब्दावर जास्त विसंबते. तिने मान डोलावली आणि चहापाव खाऊन घेतला.

आता हे तिला सांगायला हवं होतं. रिक्षा थांबवायची, टपरीवर दोन गोड चहा घ्यायचे, दहा मिनिटांचं काम. पण सांगितलं की ते तिसरं ठरणार होतं. पहिलं ऑगस्टमधलं. क्लेमेंटीन विहिरीच्या काठावर घसरून पडली आणि सिप्रियन टपाल कचेरीतून परतेपर्यंत तशीच पडून राहिली, अर्धा तास, आभाळाकडे बघत. दुसरं नोव्हेंबरमधलं. ती चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेलेली, आणि हा दूध तापत ठेवून वाडीत केळींना पाणी सोडायला गेला तो तिथेच रमला. शेजारच्या रुडॉल्फने मागच्या खिडकीतून आत शिरून गॅस बंद केला आणि वर फेलिशियाला फोनही केला. नाताळात ती ठाण्याहून आली तेव्हा केकची सुरी पुसत पुसत म्हणाली, "आणखी एक काही झालं ना पप्पा, तर मी गाडी घेऊन येणार. मग विचारत बसणार नाही." रागाने म्हणाली असती तर तोही चिडू शकला असता. पण पुसून झालेली सुरी ती पुन्हा पुन्हा पुसत होती. दोघांनी तिला शब्द दिला. तिच्या एकोणिसाव्या मजल्यावर त्यांची खोली तयारच होती, पडदे लावलेली, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलेली. तिथे जाऊन त्यांचं काय वाईट झालं असतं? काहीच नाही. पण सकाळी उठून मागच्या दाराची कडी काढायची आणि विहिरीपर्यंत जाऊन उगाच परत यायचं, एवढं एकच काम सिप्रियनला आता मनापासून आवडत होतं, आणि ते ठाण्याला नव्हतं. त्याने पुडी पुन्हा खिशात सोडली आणि चष्मा पुसला.

"काय झालं?" क्लेमेंटीनने विचारलं.

"कुठे काय. धूळ."

आजचं येणं तिच्या हट्टाचं. एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवताना दर डिसेंबरात तो सातवीची पोरं रांगेने कोटावर घेऊन गेला. बुरूड राजाचा कोट म्हणतात गावात. खरं तर तो स्तूप, दोन हजार वर्षांपूर्वीच्या बंदरातल्या भिक्षूंचा आणि व्यापाऱ्यांचा. दर वर्षी आदल्या रात्री तो स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत भाषण घोकायचा, आणि क्लेमेंटीन पावांना चटणी लावत ऐकायची. ती स्वतः कधी गेली नाही. वाडी होती, सासू अंथरुणाला होती, मग फेलिशिया झाली, मग सवयच लागली न जायची. मागच्या रविवारी भांडी विसळता विसळता ती सहज म्हणाली, "ठाण्याला जायची वेळ आली, तर तिथे कोणाला सांगू? चव्वेचाळीस वर्षं दीड कोसावर राहिले आणि तुमचा कोट बघितला नाही." त्या 'तुमचा'ने सिप्रियन विरघळला. ऊन चढायच्या आत, मिस्सा झाल्या झाल्या जायचं, न्याहारी येताना करायची, आणि फेलिशियाला आधी कळू द्यायचं नाही, असा सगळा बेत त्यानेच आखला. न्याहारी येताना करायची, हे तो आता मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता.

सोपारा जवळ आला तशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी इमारती अंगावर आल्या, दोरीवरचे कपडे, पाण्याचा टँकर, त्यापुढे हंड्यांची रांग. सिप्रियनला वाटलं, या सगळ्याच्या कडा कोणी तरी खोडरबराने पुसट केल्या आहेत. तळव्यांना घाम आला होता. पोटात भूक नव्हती, भुकेच्या जागी एक पोकळी होती आणि ती हळूहळू वर चढत होती. ही पोकळी त्याला ओळखीची वाटली. आठ वर्षांचा असताना, असाच ईस्टरआधीच्या उपासकाळातला रविवार, पहाटे अंगणात मांडवावर राजेळी केळ्यांची सुकेळी वाळत घातलेली आणि घरात सगळे कपडे घालण्याच्या गडबडीत. त्याने एक उचललं. बाहेरून चिवट, आत मधासारखं. मग चर्चमध्ये ख्रिस्तप्रसादाला सगळा बाक उठला तेव्हा तो एकटाच बसून राहिला, कारण खाऊन प्रसाद घेणं हे त्याहून मोठं पाप होतं, आणि तो बसला आहे याचा अर्थ तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होता. आई त्याला ओलांडून पुढे गेली, परत आली, गुडघ्यांवर बसली. वाटभर काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने त्याच्या ताटलीत पेजेशेजारी एक सुकेळं ठेवलं आणि म्हणाली, "हे आता खा." साठ-पासष्ट वर्षं झाली त्याला. आई का रागावली नाही हे कोडं त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, आणि आज ते अगदी ओठांवर येऊन बसलं होतं.

"उतरा," क्लेमेंटीन म्हणाली. रिक्षा थांबून थोडा वेळ झाला होता म्हणे.

फाटकाच्या आत झाडं होती, झाडांपलीकडे विटांचा तो ढिगारा. दर वेळी तो पोरांना वाटेल त्याहून लहान असायचा आणि दर वेळी सिप्रियन त्यांना सांगायचा, डोळ्यांनी नाही, मनाने बघा. पांढऱ्या साड्या नेसलेल्या चार बायका बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लावून उठत होत्या. क्लेमेंटीनने त्यांच्याकडे बघून, चर्चमध्ये शिरताना करायची तशी, किंचित मान झुकवली. मग ती त्याच्याकडे वळली, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून, शाळेतल्या मुलीसारखी. "हं. सांगा आता." सिप्रियनने घसा साफ केला. हात मागे बांधले. हे सोपारा म्हणजे शूर्पारक, त्याने सुरुवात केली, इथे खाडी होती, जहाजं लागायची, आणि इथेच त्या राजाने आपल्या आज्ञा दगडावर कोरून ठेवल्या, त्या मोठ्या राजाने, त्या. नाव येईना. जीभ टाळूला चिकटली होती. एकतीस वर्षं जे नाव त्याने फळ्यावर लिहिलं त्या नावाच्या जागी पांढरा खडू होता, नुसता खडू.

"अशोक," क्लेमेंटीन हळूच म्हणाली. "सम्राट अशोक. पुढे कलिंगाचं सांगायचात तुम्ही."

"तुला कसं माहीत?"

"पाव कोणी लावले?"

त्याला हसू आलं, आणि हसता हसता त्याचे गुडघे वाकले. पडला नाही तो. एका झाडाच्या बुंध्याला पाठ घासत खाली बसला, व्यवस्थित, पँटची घडी सांभाळत. घाम कानामागून मानेवर उतरत होता. क्लेमेंटीनचा चेहरा समोर आला, मग दूर गेला, मग तिच्या चेहऱ्यावर चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची घोंगटातली नवरी दिसली, मग विहिरीच्या काठावरची, अर्धा तास आभाळाकडे बघत पडलेली. अर्धा तास तू काय बघत होतीस, हे मी तिला विचारलंच नाही, असं त्याच्या मनात आलं. विचारलं का नाही? भीती वाटली म्हणून. तिने खरं सांगितलं असतं म्हणून. ती गेली तर काय, आणि मी गेलो तर तिच्या गोळ्या कोण देणार, हा प्रश्न त्या दिवसापासून घरात होता, आणि दोघं त्याला टेबलाखालच्या मांजराला घालावा तसा वळसा घालून चालत होती. आत्ता सांगावं, त्याने ठरवलं. पण बोलायला सुरुवात कुठून करायची तेच सापडेना.

"सर? सर ना तुम्ही?" हातात खराटा घेतलेला, चाळिशीचा, बनियनवर निळा सदरा चढवत धावत आलेला माणूस. मिठागराच्या बाजूच्या गावातला चंद्रहास, फेलिशियाच्या वर्गातला. दर रविवारी मंडळाच्या लोकांबरोबर आवार झाडायला येतो हे त्याने एकदा बाजारात सांगितलं होतं. "बाई, सरांना काय झालं? पानी आनू? थांबा, मी फेलिशियाला फोन लावतो. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर नंबर हाय तिचा."

नको, अशी सिप्रियनने मान हलवली. त्याने क्लेमेंटीनकडे पाहिलं. तिने चंद्रहासच्या मनगटावर हात ठेवला. "थांब रे. आधी पाणी." मग ती अवघडत, एक हात झाडाला लावून, नवऱ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि त्याच्या कपाळाला हात लावला. "हा घाम मला माहीत आहे," ती म्हणाली. "हा माझा घाम आहे. तुम्हाला कसा आला?"

त्याने खिशातून पुडी काढून तिच्या तळव्यावर ठेवली. तिने कपटा उलगडला, पिवळ्या गोळीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिच्या चेहऱ्यावरून सकाळ सरकत गेलेली त्याला दिसली: पिना, आरसा, पाण्याचा ग्लास. "माझी घेतलीस तू," ती म्हणाली. ती त्याला क्वचितच तू म्हणायची. फेलिशियाच्या जन्माच्या वेळी कळा असह्य झाल्यावर म्हणाली होती, आणि त्याची आई गेली त्या दुपारी. "आणि गाढवा, रिक्षात कळलं होतं तुला. चष्मा पुसत होतास."

मग तिने पर्स उघडली. रुमाल काढला, जपमाळ काढली, मिस्साचं पत्रक काढलं, आणि सगळ्यात तळातून केळीच्या सोपटाच्या दोरीने बांधलेली, सुक्या पानाची पुडी. दोर सोडताना तिचे कान लाल झाले होते. आत तीन सुकेळी, शेजारी शेजारी निजवलेली. डॉक्टरांनी तिचं गोड बंद करून सात वर्षं झाली होती. घरातली शेवटची सुकेळी आपण स्वतः रुडॉल्फच्या पोरांना वाटली, असं सिप्रियन समजून होता.

"कुठून आली?" त्याने कसंबसं विचारलं.

"तोंड उघड." तिने एकाचा तुकडा मोडून त्याच्या तोंडात घातला. "रविवारची आहेत. उपासकाळाचे चाळीस दिवस, त्यात रविवार मोजत नाहीत. फादरांनीच सांगितलंय. एक खाते मी रविवारी. चाव."

त्याने चावलं. बाहेरून चिवट, आत मधासारखं. चंद्रहास पाण्याची बाटली घेऊन आला आणि हे दोघं काय करताहेत हे न कळून नुसताच उभा राहिला. एक संपलं, तिने दुसरं भरवलं. झाडाची पानं हळूहळू वेगवेगळी दिसायला लागली, विटांना कडा आल्या. आई का रागावली नव्हती ते सिप्रियनला आत्ता, बहात्तराव्या वर्षी, तोंडात सुकेळं असताना उमगलं: पोरगं बाकावर एकटं बसून राहिलं, आणि खोटं बोललं नाही, एवढ्यावरच ती निवली होती. त्याने ते सगळं क्लेमेंटीनला सांगितलं, मांडवापासून पेजेच्या ताटलीपर्यंत. ती ऐकत होती आणि त्याच्या मानेवरचा घाम पदराने टिपत होती. मग काहीतरी तिचं देणं लागतो असं वाटून त्याने राहिलेलं भाषणही पुरं केलं. या कोटाच्या पोटात दगडी पेटी सापडली, तिच्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची, आणि सगळ्यात आत सोन्याची. सोन्याच्या डबीत काय असेल, असं तो पोरांना विचारायचा, आणि पोरं हिरे म्हणायची, माणकं म्हणायची. आत होते मातीच्या भांड्याचे तुकडे. भिक्षापात्राचे.

"फोडलं कोणी?" क्लेमेंटीनने विचारलं.

एकतीस वर्षांत एकाही पोराने हे विचारलं नव्हतं. "कोणाच्या तरी हातून पडलं असेल," तो म्हणाला.

त्याच वेळी तिच्या पर्समध्ये फोन वाजला. रविवारी नऊला फेलिशियाचा व्हिडिओ कॉल येतो, घड्याळ लावून घ्यावं. क्लेमेंटीनने फोन डोक्याच्या वर धरला. "मम्मी, नीट धर ना, नुसतं आभाळ दिसतंय. कुठे आहात तुम्ही?" सिप्रियन तिच्याकडे बघत राहिला. ही कधी खोटं बोलत नाही, पण आज बोलेल, त्याला वाटलं. आजच्यापुरतं बोल, असं तो मनात म्हणत होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि फोन खाली घेतला.

"सोपाऱ्याच्या कोटावर," ती म्हणाली. "तुझ्या पप्पांनी माझी गोळी घेतली, उपाशीपोटी. आधी ऐकून घे. आता बरे आहेत." आणि तिने सगळं सांगितलं, एकही पीन न गाळता. सिप्रियन ऐकत होता आणि मागच्या दाराची कडी, विहीर, केळींच्या सहा रांगा एकेक करून त्याच्या हातून सुटत होत्या.

"म्हणजे तिसरं," फेलिशिया म्हणाली.

"तिसरं कसं?" क्लेमेंटीनचा आवाज चढला नाही. "मी पडले तेव्हा एकटी होते. दूध जळलं तेव्हा ते एकटे होते. आज आम्ही दोघं होतो ना?"

फोन बंद पडला की काय म्हणून चंद्रहासने वाकून बघितलं. मग फेलिशियाने नाक ओढल्याचा आवाज आला. "किती उरलीत सुकेळी?"

"एक."

"ते पप्पांना दे. तुझ्या गोळीशिवाय तू मुळीच खायचं नाहीस. आणि तिथून सरळ डॉक्टरकडे, शुगर तपासून घ्या, ती गोळी दिवसभर अंगात राहते. मी निघते आता."

"गाडी घेऊन?" सिप्रियनने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच लहान मुलासारखा वाटला.

"जेवायला, पप्पा," ती म्हणाली. "तुम्ही काही शिजवू नका. मी घेऊन येते."

चंद्रहास रिक्षा आणायला गेला, जाताना सरांना हलू देऊ नका असं बाईंना तीनदा बजावून. क्लेमेंटीन उठली, गुडघ्यांवरची माती झटकली. "तोवर मी बघून घेते," ती म्हणाली. "एवढी आलेय तर." आणि ती निघाली, विटांच्या ढिगाऱ्याला डावीकडे ठेवून, एकेक पाऊल जपून, पर्स छातीशी धरून. सिप्रियन झाडाला टेकून बघत राहिला. तिचा पदर एका कोपऱ्याशी हलला आणि ती कोटाच्या मागे गेली. समोर नुसत्या विटा राहिल्या. एवढ्याशा फेरीला मिनिटभर पुरे, त्याने हिशेब केला. मिनिट होऊन गेलं. त्या पांढऱ्या साडीवाल्या बायका फाटकाबाहेर पडल्या. आणखी एक मिनिट गेलं असावं. ही आता येणारच नाही, एक दिवस हे असंच होणार आहे, आपण असेच बसलेले असू आणि समोर असंच काहीतरी जुनं, मुकाट असेल. त्याचं तिच्यावर फार प्रेम होतं. हे त्याला एरवी सुचलं नसतं, पण आत्ता ते त्याच्या मनात अगदी शब्दांत उमटलं, फळ्यावर लिहावं तसं. तो उठायला गेला, बुंध्याला धरून अर्धा उठलाही, तेवढ्यात ती उजवीकडून बाहेर आली.

सावकाश येऊन ती शेजारी बसली. तिला थोडी धाप लागली होती.

"बघितलास?" त्याने विचारलं.

"बघितला. मागेही विटाच आहेत." ती समोर बघत होती, जरा जास्तच सरळ. तिच्या वरच्या ओठाला वाळलेल्या पानाचा एक बारीक तुकडा चिकटला होता. सिप्रियनने तो पाहिला. मग तिने पर्समधून ती पुडी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. पानात अर्धं सुकेळं होतं, दातांनी तोडलेलं. "हे तुमचं," ती म्हणाली. "ठेवलंय ना."

त्याने खिशातला रुमाल काढला, तिची हनुवटी धरली आणि ओठावरचा तुकडा पुसून टाकला. फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला, चंद्रहास हात हलवत होता.

"हे चौथं झालं," सिप्रियन म्हणाला.

"आज रविवार आहे," क्लेमेंटीन म्हणाली. "मोजत नाहीत."